राखून ठेवलेली जागा

हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेशपद्धतीविरुद्ध भरलेला खटला २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये बोस्टनच्या संघीय न्यायालयात उभा राहिला, तेव्हा वाद होता तो वंशाचा. आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांना तेथे डावलले जाते की काय, हा प्रश्न होता. आणि २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना वंशाचा विचार करण्याची रीतच अवैध ठरवून त्यावर आपल्या परीने पडदा टाकला. या मोठ्या वादाच्या धुरळ्यात एक लहानशी गोष्ट झाकली गेली. विद्यापीठाच्या दप्तरातील जे कागद या खटल्यामुळे उजेडात आले, त्यांत 'झेड-लिस्ट' नावाच्या एका यादीचा तपशील होता. ज्यांना वेळेवर प्रवेश मिळाला नाही, ज्यांची नावे प्रतीक्षायादीत टाकण्यात आली, अशांपैकी दरवर्षी सुमारे पन्नास-साठ मुलांना विद्यापीठ उन्हाळ्यात कळवीत असे की, तुम्हांला प्रवेश देण्यात येत आहे, परंतु यंदा नव्हे; एक वर्ष बाहेर काढा आणि पुढील वर्षी या. वर्षभर काय करावे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. जागा मात्र पक्की.

ही भाग्यवान मुले कोण होती? २०१४ ते २०१९ या वर्षांचे जे आकडे न्यायालयापुढे आले, त्यांवरून दिसते की, त्यांतील सुमारे सत्तर टक्के गोरी होती आणि निम्म्याच्या जवळपास मुलांचे आईवडील हार्वर्डचेच माजी विद्यार्थी होते. देणगीदार आणि अन्य वजनदार मंडळींशी संबंध असलेल्या अर्जदारांची जी वेगळी नोंद प्रवेशाधिकारी ठेवतात, तिच्यात यांतील अर्ध्याहून अधिकांची नावे होती. परीक्षेतील त्यांची कामगिरी मात्र नेहमीच्या वाटेने प्रवेश मिळविणाऱ्यांच्या सरासरीपेक्षा उणी होती. म्हणजे मुलगा यंदाच्या वर्गात बसवावा इतका तेजस्वी नाही, आणि त्याच्या पित्याला नाही म्हणावे इतके धैर्यही विद्यापीठापाशी नाही. तेव्हा मध्यममार्ग म्हणून एक वर्षाची मुदत. ज्या वर्षी सुमारे त्रेचाळीस हजार अर्जांतून दोन हजारांहूनही कमी मुलांना प्रवेश मिळाला, त्या काळातील ही सोय आहे.

कोणत्याही श्रीमंत संस्थेत असे मागील दार असतेच, असे म्हणून हा विषय सोडून देता येईल. परंतु त्यातील खरी गंमत दाराची नाही, वर्षाची आहे. ती कळण्यासाठी तेथील प्रतीक्षायादी कशी चालते, हे पाहावे लागते. अमेरिकेतील नामांकित महाविद्यालयांचे निर्णय मार्चअखेरीस जाहीर होतात आणि १ मेपर्यंत विद्यार्थ्याने आपली पसंती कळवून अनामत भरावयाची असते. एकेका मुलाने दहा-दहा ठिकाणी अर्ज केलेले असतात. साहजिकच काही जागा रिकाम्या राहतात. त्या भरण्यासाठी मे-जूनमध्ये प्रतीक्षायादीतील नावे काढली जातात. ज्याला असे बोलावणे येते, त्याला विचार करावयास थोडेच दिवस मिळतात. दुसऱ्या ठिकाणी भरलेली अनामत त्याला सोडून द्यावी लागते. विद्यार्थ्याची आर्थिक कुवत एरवी न पाहणारी काही महाविद्यालये या टप्प्यावर ती पाहू लागतात, कारण शिष्यवृत्त्यांचा पैसा बहुतेक वाटून झालेला असतो.

आता अशा मुलाने जर म्हटले की, मला प्रवेश मान्य आहे, परंतु वडिलांच्या आजारपणामुळे किंवा पैशाच्या जुळणीसाठी मला एक वर्ष द्या, तर काय होते? अनेक महाविद्यालये त्याला सरळ नकार देतात. त्यांचा युक्तिवाद तर्काला सोडून नाही. प्रतीक्षायादी असते ती या सप्टेंबरात रिकामा राहणारा बाक भरण्यासाठी. ज्याला तो भरण्यासाठी बोलावले, तोच पुढील वर्षी येतो म्हणाला तर बाक रिकामाच राहिला. तेव्हा सामान्य मुलाला उत्तर असे की, आत्ता ये, नाहीतर येऊ नकोस. आणि 'झेड-लिस्ट'वरील मुलाला त्याच प्रतीक्षायादीतून उत्तर असे की, आत्ता येऊच नकोस, पुढल्या वर्षी ये. जे वर्ष एकाला मागूनही मिळत नाही, ते दुसऱ्याला न मागता देण्यात येते.

शिक्षणात एक वर्षाचा खंड घेणे, ज्याला तिकडे 'गॅप इयर' म्हणतात, ही मुळात वाईट कल्पना आहे असे मुळीच नाही. हार्वर्डचे प्रवेश-अधिकारी कित्येक वर्षे नव्या विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या पत्रातच सुचवीत आले आहेत की, वाटल्यास एक वर्ष थांबून या. शाळेपासून स्पर्धेत पळून दमलेली मुले वर्षभर प्रवास करून, नोकरी करून, कोठे सेवा करून आली की अधिक शहाणी होऊन येतात, असा त्यांचा अनुभव आहे. २०१६ साली राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या थोरल्या कन्येने असेच एक वर्ष घेतले, तेव्हा या प्रथेचा जगभर गवगवा झाला. प्रिन्स्टन विद्यापीठाने तर २००९ पासून प्रवेश मिळालेल्या काही विद्यार्थ्यांना वर्ग सुरू होण्यापूर्वी नऊ महिने परदेशी सेवाकार्यासाठी पाठविण्यास सुरुवात केली, तीही विद्यापीठाच्या खर्चाने. पहिल्याच वर्षी त्यांनी निवडलेल्या ठिकाणांत आपली वाराणसी होती. अठरा वर्षांच्या मुलाने गंगेच्या काठी वर्ष घालवावे आणि मग न्यूजर्सीला जाऊन अर्थशास्त्र वाचावे, यात आक्षेप घेण्यासारखे काय आहे? इंग्लंडमध्येही पुढील वर्षीचा प्रवेश हवा असल्यास तसे अर्जातच लिहिण्याची सोय आहे, आणि तेथे त्याचे कोणाला नवल वाटत नाही.

या साऱ्या मुलांचे ते वर्ष मोकळे जाते, याचे कारण त्यांच्या खिशात प्रवेशाचे पत्र असते. ते पत्र नसलेल्या मुलाचे वर्ष दिनदर्शिकेत तितक्याच दिवसांचे असले, तरी ते निराळे वर्ष असते. वर्ष आणि राखून ठेवलेली जागा या दोन गोष्टी मिळून एक मालमत्ता होते. घर किंवा शेत असावे तशी. आणि ती कोणाला देण्यात येते, हा प्रश्न हार्वर्डपुरता नाही.

आपल्याकडे ही मालमत्ता कोणालाच मिळत नाही. त्यात समता आहे असे वाटेल, पण ती फसवी आहे. मराठी मध्यमवर्गाच्या घरात 'वर्ष वाया गेले' या शब्दांइतके भीतिदायक शब्द थोडेच असतील. नापास होणे, आजारी पडणे, प्रवेश न मिळणे, या सर्वांचा हिशेब या एकाच वाक्यात होतो, आणि लग्नाच्या बोलण्यांतसुद्धा त्या वर्षाची चौकशी होते. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष तालमीत आणि पोहण्यात घालवून प्रकृती कमावली व त्या वर्षाची परीक्षा बुडविली, ही कथा आपण मुलांना मोठ्या अभिमानाने सांगतो. पुढे १८७६ साली ते पहिल्या वर्गात बी. ए. झाले, हेही सांगतो. मात्र आपल्या मुलाने तसे काही करावे असे आपल्याला वाटत नाही. सरकारी यंत्रणेची दृष्टी पालकांपेक्षा वेगळी नाही. बारावीनंतर वर्ष मध्ये गेलेल्या मुलाला प्रवेशाच्या वेळी शैक्षणिक खंडाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. या काळात मी अन्यत्र कोठे प्रवेश घेतला नव्हता, असे त्याने शपथेवर सांगावयाचे. शाळा सोडल्यावर बापाच्या दुकानात बसलेल्या किंवा आईची शुश्रूषा केलेल्या मुलाने शपथ घेऊन खुलासा करावा, असा हा प्रकार आहे.

असे असूनही आपल्याकडे वर्ष 'घेणारी' मुले थोडी नाहीत. लाखांनी मोजावीत इतकी आहेत. त्याला आपण 'ड्रॉप घेणे' म्हणतो. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला देशभरात तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, आणि एम. बी. बी. एस. च्या जागा होत्या सव्वा लाखाच्याही आत. राहिलेल्यांतून कितीतरी मुले पुन्हा त्याच परीक्षेस बसतात. या वर्षीचे गुण पुढील वर्षी चालत नाहीत. लातूरला किंवा नांदेडला जाऊन पाहावे. 'रिपीटर' मुलांच्या स्वतंत्र तुकड्या, त्यांच्या खाणावळी, त्यांच्या अभ्यासिका, सगळे एक गाव त्यांच्यावर उभे आहे. हेही एक 'गॅप इयर'च म्हणावयाचे. फरक एवढाच की, यांच्या खिशात पत्र नाही. प्रिन्स्टनचा मुलगा काशीला जातो तेव्हा त्याच्या मागे एक दार उघडे असते. लातूरच्या खोलीत बसलेल्या मुलीच्या मागचे दार बंद झालेले असते आणि पुढचे उघडेल याचा भरवसा नसतो. त्या वर्षाने तिच्या मनाचे काय होते, ते तिची आई जाणते.

परंतु प्रस्तुत लेखकाला बोलावयाचे आहे ते याहून लहान आणि अधिक दुर्लक्षित अशा एका गटाविषयी. जागा न मिळालेल्यांचे दुःख सर्वांना दिसते. जागा मिळूनही ती घेता न आलेल्यांचे कोणी मोजीत नाही. आपली केंद्रीय प्रवेशप्रक्रिया फेऱ्याफेऱ्यांनी चालते. पहिल्या फेरीतील मुलाला निदान तयारीला अवधी असतो. शेवटच्या फेऱ्यांत, म्हणजे आपल्याकडील प्रतीक्षायादीतून, ज्याचे नाव लागते त्याला दोन-तीन दिवसांत कागद आणि पैसा घेऊन, बहुधा परक्या गावी, हजर व्हावे लागते. ज्याच्या घरी बँकेत शिल्लक आहे, त्याला यात काही जड नाही. ज्याला सोयाबीन विकल्याशिवाय पैसा मिळत नाही, ज्याचे उत्पन्नाचे प्रमाणपत्र तहसील कचेरीत अडकले आहे, ज्याच्या कर्जाच्या अर्जावर बँकेचा अधिकारी रजेवरून आल्यावर सही करणार आहे, त्याची जागा त्या तीन दिवसांत जाते. यादी पुढे सरकते. गुणवत्तेत तो पात्र ठरला होता, हे कागदोपत्री सिद्ध झालेले असते. पुढच्या वर्षी त्याचा त्याला काडीइतका उपयोग नाही. त्याने पुन्हा परीक्षेस बसावे, पुन्हा ओळीत उभे राहावे, आणि खंडाचे प्रतिज्ञापत्र तेवढे जोडावे.

हे कल्पनेतील चित्र नाही, याची साक्ष सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात आहे. २०२१ साली मुंबईच्या आयआयटीत जागा मिळालेल्या एका दलित विद्यार्थ्याला कार्डाने पैसे भरता न आल्यामुळे ती गमवावी लागली होती. २०२४ साली धनबादच्या आयआयटीत विद्युत अभियांत्रिकीची जागा मिळालेल्या, रोजंदारीवर काम करणाऱ्या बापाच्या मुलाला मुदत संपण्यापूर्वी १७,५०० रुपये भरता आले नाहीत. गावातून पैसे गोळा होईपर्यंत संध्याकाळचे पाच वाजून गेले. दोन्ही वेळा न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने घटनेच्या १४२ व्या कलमाखालील असाधारण अधिकार वापरून, इतर कोणाची जागा न घेता, या मुलांसाठी जागा निर्माण करण्याचा हुकूम दिला. धनबादचा निकाल ३० सप्टेंबर २०२४ चा आहे. न्यायालयाच्या सहृदयतेबद्दल त्याला धन्यवाद दिले पाहिजेत. पण साडेसतरा हजार रुपयांच्या विलंबासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला आपले सर्वांत मोठे अस्त्र बाहेर काढावे लागावे, ही व्यवस्थेला भूषणावह गोष्ट नव्हे. दिल्लीपर्यंत जे दोघे पोचले त्यांना न्याय मिळाला. जे तालुक्याच्या गावाहूनच परत फिरले, त्यांचे नाव कोणत्याही निकालपत्रात नाही.

अशा विद्यार्थ्याला पुढील वर्षापर्यंत जागा राखून ठेवण्याचा हक्क का असू नये? प्रवेश निश्चित झाल्यावर, ठरावीक मुदतीत, आजारपण, घरातील मृत्यू किंवा पैशाची अडचण दाखवून त्याने एक वर्षाची मुदत मागावी. यंदाची जागा यादीतील पुढच्या मुलाला द्यावी. आणि पुढील वर्षी त्याच अभ्यासक्रमात, पुन्हा परीक्षा न घेता, याला प्रवेश द्यावा. मागणी एवढीच आहे.

अधिकारी म्हणतील, एका वर्षाची जागा दुसऱ्या वर्षात नेता येत नाही. हे त्यांनी म्हणू नये, कारण हे काम ते आजही करतात. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या जागा पुढील वर्षी पदविकाधारकांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश देताना भरल्या जातात. तेथे जागा एक वर्ष तग धरून राहते आणि कोणाचे हिशेब चुकत नाहीत. खुद्द आयआयटीत तर याहून बोलके उदाहरण आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि अपंग विद्यार्थ्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, तर थोड्या कमी गुणांच्या मुलांना एक वर्षाच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमास घेतात, आणि तो पुरा केल्यावर पुढील वर्षी, पुन्हा प्रवेश-परीक्षा न देता, पदवीच्या वर्गात बसवितात. 'यंदा नव्हे, पुढल्या वर्षी ये' हेच हे वाक्य. हार्वर्डने ते वजनदारांच्या मुलांना ऐकविले, आणि आपल्या संस्थांनी ते वंचितांच्या मुलांना, वर वर्षभर शिकविण्याची तयारी ठेवून, ऐकविले. एवढ्या एका बाबतीत तरी आपल्याला बोस्टनकडे मान वर करून पाहता येईल. दुर्दैवाने ही सोय फार थोड्यांपुरती आहे.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने खंडाविषयीची जुनी भीती थोडी कमी केली, हे नमूद केले पाहिजे. पदवीच्या एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडावे, मिळविलेले श्रेयांक जमा ठेवावेत आणि नंतर पुन्हा आत यावे, अशी तरतूद त्यात आहे. मात्र आत येऊन, पहिल्या वर्षाचे शुल्क भरून, मग बाहेर पडणाऱ्याची ही सोय आहे. जो उंबऱ्यावरच अडला, त्याचा विचार त्यात नाही.

खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो टाळता येणार नाही. राखून ठेवलेली प्रत्येक जागा पुढील वर्षीच्या एका मुलाची जागा आहे. तिच्यावर आधीच कोणाचे नाव लिहून ठेवणे त्याच्यावर अन्याय नव्हे काय? आकड्यांचा हिशेब करता दोन वर्षांत मिळून कोणाचेही नुकसान होत नाही, कारण यंदा एकाला जास्तीची संधी मिळालेलीच असते. पण माणसे आकड्यांत जगत नाहीत, आणि पुढील वर्षी एका गुणाने चुकलेल्या मुलीला हे गणित समजावून सांगणे कठीण आहे. म्हणून या जागांना मर्यादा हवी. शंभरांत दोन पुरेत. दुसरी भीती अशी की, शिकवणीवर्गांचे चालक या सवलतीचे सोने करतील. एक जागा राखून ठेवा आणि वर्षभर आमच्याकडे बसून याहून मोठी मिळवा, अशा जाहिराती दुसऱ्याच दिवशी झळकतील, यात शंका नाही. त्यावर अमेरिकेतील रीत उपयोगी आहे. तेथे वर्ष मागणाऱ्याला मधल्या काळात दुसऱ्या महाविद्यालयात पदवीसाठी नाव घालता येत नाही. आपण एक पाऊल पुढे जाऊन म्हणावे की, जागा राखणाऱ्याने त्या वर्षी कोणत्याही प्रवेश-परीक्षेस बसू नये. बसल्यास राखलेली जागा गेली. शिकवणीवर्गाला त्याच्यात मग काही रस उरणार नाही. आणि तिसरे, ज्याला आम्ही सर्वांत महत्त्वाचे समजतो: निदान पहिली काही वर्षे ही सवलत उत्पन्नाच्या मर्यादेत असलेल्यांना आणि खऱ्या आजारी मुलांनाच मिळावी. सरसकट दिली तर ती कोणाच्या घरी जाईल, ते 'झेड-लिस्ट'ने दाखविलेच आहे. हिमालयात हिंडून येण्यासाठी कोणाला वर्ष हवे असेल तर त्याने खुशाल हिंडावे. त्याची व्यवस्था सरकारने करण्याचे कारण नाही.

एक वर्षाने काय होते, असे विचारणाऱ्यांनी डॉ. आंबेडकरांचे चरित्र उघडावे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्यात जे अपमान वाट्यास आले ते सर्वश्रुत आहेत. परंतु निघताना त्यांनी एक गोष्ट मिळविली होती: चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची विद्यापीठाची परवानगी. त्या परवानगीच्या भरवशावर त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसा बाजूला टाकला, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या स्नेह्याचे कर्ज घेतले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. झाली. त्यांच्या बुद्धीला परवानगीची गरज नव्हती हे खरे; पण मुदत संपली, आता नव्याने अर्ज करा, असे त्या विद्यापीठाने १९१७ साली म्हटले असते, तर त्या अर्जाला लागणारी सवड आणि पैसा सिडनहॅमच्या त्या तरुण प्राध्यापकाने कोठून आणला असता?

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर यासाठी नव्या कायद्याची जरुरी नाही. खाजगी व्यावसायिक शिक्षणसंस्थांतील प्रवेश आणि शुल्क यांचे नियमन करणारा २०१५ चा अधिनियम हाताशी आहे. त्याखालील प्रवेशाचे नियम वारंवार बदलले जातात, आणि ते बदल पुष्कळदा याहून क्षुल्लक कारणांसाठी असतात. वैद्यकीय प्रवेशाचा मोठा भाग केंद्राच्या हाती आहे, तेव्हा तो तूर्त बाजूस ठेवावा. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, विधी आणि कृषी यांपासून आरंभ करता येईल. केंद्रीय फेऱ्यांत जागा मिळूनही जे हजर झाले नाहीत, त्यांची नावे आणि पत्ते प्रवेश-परीक्षा कक्षापाशी आहेत. त्यांतील किती जणांना दुसरीकडे चांगले मिळाले आणि किती जणांना पैशाअभावी जागा सोडावी लागली, याची चौकशी कक्षाने या वर्षीच्या फेऱ्या संपताच करावी आणि तिचे आकडे नवे नियम काढण्यापूर्वी लोकांपुढे ठेवावेत.